निषिद्ध प्रेमाची कथा पडद्यावर नेताना: नवख्या पटकथाकारांसाठी

विजयदान देथा यांच्या 'दुविधा' या राजस्थानी कथेवर दोन हिंदी चित्रपट झाले. पहिला मणि कौल यांचा 'दुविधा', १९७३ सालचा, ८२ मिनिटांचा, १६ मिमी फिल्मवर अगदी थोडक्या पैशांत केलेला. दुसरा अमोल पालेकरांचा 'पहेली', २००५ सालचा: शाहरुख खान, राणी मुखर्जी, गुलजारांची गाणी, उंटांची शर्यत, बोलणाऱ्या कठपुतळ्या. निषिद्ध प्रेमाच्या कथेची पटकथा कशी करायची असं कोणी विचारलं की मी आधी ही कथा वाचायला सांगते, आणि मग दोन्ही चित्रपट पाहायला. कथा आधी वाचायची, हा क्रम मोडायचा नाही. चेहरे एकदा डोक्यात बसले की कथेतल्या रिकाम्या जागा दिसेनाशा होतात.

गोष्ट थोडक्यात अशी. सावकाराच्या मुलाचं लग्न होऊन वऱ्हाड परत निघालंय. वाटेत एका भुताचा नवरीवर जीव जडतो. तिला झुडपावरची लाल रानफळं खावीशी वाटतात, नवऱ्याला ते गावंढळ वाटतं. त्याचं डोकं हिशोबात. घरी पोचताच व्यापाराचा मुहूर्त साधायला तो परगावी निघतो, तोही पाच वर्षांसाठी. मागे भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं. बापाला रोज पाच मोहरा देतं, त्यामुळे बाप जास्त चौकशी करत नाही. तिला मात्र ते खरं सांगून टाकतं, मी तुझा नवरा नाही. आता ठरवायचं तिनं. ती त्याला ठेवून घेते. पुढे तिला दिवस जातात, बातमी परगावी पोचते, खरा नवरा परततो आणि दारात दोन सारखे पुरुष उभे राहतात. निवाड्यासाठी सगळे राजाकडे निघतात, पण वाटेत एक मेंढपाळच तो करून टाकतो.

हीच कथा पुढे उदाहरणासाठी वापरते. अधूनमधून दुसरी उदाहरणंही येतील.

कथा निवडताना

नवखा माणूस कथा निवडतो ती प्रेम आवडलं म्हणून. प्रेमाची काळजी फार करू नका. दोन चांगले नट, त्यांच्यावर थोडा उजेड आणि दोन क्षणांची शांतता मिळाली की पडद्यावर प्रेम होतं. लिहावी लागते ती मनाई. म्हणून कथा हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा: या प्रेमाला नाही कोण म्हणतंय, आणि त्या 'नाही'मध्ये त्याचा फायदा काय?

उत्तर 'समाज' असं आलं तर परत वाचा. समाज कॅमेऱ्यासमोर उभा राहू शकत नाही. सासू राहू शकते, सरपंच राहू शकतो, शेजारणीची अर्धवट उघडी खिडकी राहू शकते. कथेत अशी ठोस माणसं नसतील तर ती तुम्हाला निर्माण करावी लागतील. मग निम्मी कथा तुमचीच होते, आणि मूळ लेखकाच्या नावाखाली ती चालवणं बरं नव्हे.

देथांच्या कथेत मनाई मोहरांना विकत घेता येते. घराण्याची अब्रू सांभाळणारा बाप रोज सकाळी पाच मोहरा मोजून घेतो आणि शंका गिळतो. नाही म्हणणारा माणूस स्वतःच आतून किडलेला असतो, म्हणून ही कथा दोन वेळा चित्रपट झाली आणि तिसऱ्यांदाही होऊ शकेल. उलट ज्या कथेत बाप फक्त काठी घेऊन ओरडतो, ती पाच मिनिटांत संपते.

दुसरी चाचणी सोपी आहे. मनाई काढून टाका आणि कथा पुन्हा मनात चालवा. त्या दोघांना कोणी अडवलंच नाही असं समजा. कथा तरीही जशीच्या तशी उभी राहत असेल, तर ती दुसऱ्याच कशाबद्दल आहे. ती वाईट असेल असं नाही, पण तुमच्या कामाची नाही.

हक्क

हे काम पटकथेचं पहिलं पान लिहिण्याआधी करायचं. पटकथा तयार आहे हे कळल्यावर वारसांची किंमत वाढते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. ही ६० वर्षं मोजायची ती मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. जी. ए. कुलकर्णी १९८७ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांच्या कथांवरचा हक्क २०४७ संपेपर्यंत आहे. देथा २०१३ मध्ये गेले, तिथे हिशोब २०७३ अखेरपर्यंत जातो. जुने लेखक चाळायचे असतील तर १९६० साली वारलेल्यांचं लेखन २०२१ च्या सुरुवातीला खुलं झालं, आणि दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकतं.

लोककथेचा मुद्दा इथे नेहमी येतो. देथांनी आपल्या बोरुंदा गावाच्या परिसरातल्या लोककथा गोळा करून त्यांवर स्वतःच्या कथा रचल्या. लोककथा कोणाच्या मालकीची नसते, देथांनी लिहिलेली कथा मात्र देथांची. तुमच्या आजीनं सांगितलेल्या हडळीच्या गोष्टीवर खुशाल चित्रपट करा. पण एखाद्या लेखकानं तीच गोष्ट लिहिताना घातलेली वळणं, माणसं आणि शेवट हवा असेल, तर त्याची परवानगी लागते. कथा अनुवादात वाचली असेल तर आणखी एक गाठ आहे. अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. मूळ लेखकाची परवानगी काढून अनुवादकाची वाक्यं संवादात घातली तर दुसरं भांडण उभं राहतं.

मराठीत बरेचदा प्रकाशकाकडे फक्त पुस्तकाचे हक्क असतात, चित्रपटाचे नसतात. त्यामुळे प्रकाशकाला फोन करायचा तो वारसांचा पत्ता मिळवायला. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. पुण्यातल्या मुलानं हो म्हटलं आणि अमेरिकेतल्या मुलीला कळवलंच नाही, असं फार वेळा होतं. 'आमची काही हरकत नाही' अशा दोन ओळींच्या पत्रावर अवलंबून राहू नका. करार लेखी हवा आणि त्यावर सही हवी, हे कायदाच म्हणतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर हक्क घेऊन वर्षभरात ते वापरले नाहीत तर ते परत जातात. नवखे दिग्दर्शक निर्माता शोधण्यातच दीड वर्ष घालवतात, तेव्हा हे कलम विसरू नका. पैसे कमी असतील तर आधी थोडी रक्कम देऊन वर्ष-दीड वर्षासाठी कथा राखून ठेवायची आणि चित्रीकरणाच्या आधी उरलेली रक्कम द्यायची, असा करार करता येतो.

आणखी एक ओळ करारात हवीच: कथेत कोणते बदल करता येतील. निषिद्ध प्रेमाच्या कथेत शेवट बदलण्याचा मोह हमखास होतो आणि लेखकाचं दुखतंही तिथेच. हक्क विकल्यानंतरही, आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा लेखकाचा हक्क कलम ५७ खाली शिल्लक राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून केलेल्या चित्रपटाच्या बाबतीत हा मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयात नेला होता. १९८६ च्या त्या निकालात लेखकाचा हा हक्क मान्य झाला. तेव्हा शेवट बदलायचा असेल तर तो काय असेल हे वारसांना आधीच सांगा आणि लिहून घ्या.

मनाईला अंग द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

कथेत निवेदक एका वाक्यात सांगून मोकळा होतो: त्यांच्या घरात तिचं वावरणं कोणाला खपत नसे. चित्रपटात 'खपत नसे' कसं दाखवणार? नवखे लोक लगेच एक भांडण लिहितात. भांडणात मनाई बोलली जाते, दिसत नाही, आणि एकदा बोलून झाली की तिची भीती ओसरते. त्यापेक्षा मनाईला एखादी वस्तू द्या किंवा जागा द्या, आणि ती निदान तीन वेळा दिसू द्या. पहिल्यांदा कोणी तिच्याकडे लक्षही न देता, दुसऱ्यांदा ती आड येताना, तिसऱ्यांदा कोणीतरी ती मोडताना किंवा मोडायचं टाळताना.

समजा कथेत वाक्य आहे: 'सदा कामाला यायचा, पण ओटीच्या आत नाही.' घर गावातलं, सदा कुठल्या वस्तीतला हे गावात सगळ्यांना ठाऊक. वस्तू काय घ्याल? वळचणीला खोचलेली वेगळी कपबशी. ती पहिल्या पाच मिनिटांत नुसती दिसू द्या, पाऊस पडतोय आणि ती तिथे आहे, एवढंच. मग:

सीन ७. बाहेर. ओटी. दुपार.
पाऊस. सदा भिजत येतो, न विचारता हात वर करून वळचणीतली कपबशी काढतो, सदऱ्याच्या टोकानं पुसतो. आतून वासंती किटली घेऊन येते. किटली कपावर धरते, ओतत नाही. आतून सासूच्या खोकल्याचा आवाज.
वासंती: (हळू) ती नको. थांब.
आत जाते. सदा कपबशी हातात धरून तसाच उभा. वासंती परत येते ती स्वतःचा पेला घेऊन. सदा पेल्याकडे बघतो, घेत नाही. कपबशी पुढे करतो.

इथे प्रेमाचा एकही शब्द नाही, जातीचाही नाही. पण मनाई दोघांच्या मधे उभी आहे आणि त्यातला एक अजून ती मोडायला तयार नाही. नवख्यांच्या पटकथेत बहुतेक वेळा दोघंही पहिल्या सीनपासून बंडखोर असतात. मग संघर्ष फक्त बाहेरच्यांशी उरतो. एकाला भीती जास्त असू द्या. पुढच्या सगळ्या सीनना त्यामुळे उतार मिळतो.

मणि कौल यांनी हे काम रंगांनी आणि चौकटींनी केलं. ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, 'दुविधा' त्यांनी देथांच्याच बोरुंदा गावात चित्रित केला, छायाचित्रण नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांचं. पांढऱ्या भिंती, लाल ओढणी, गोठवलेल्या चौकटी. नवरी उंबऱ्यापाशी थांबते तेव्हा तो उंबरा कोणीही न बोलता हुकूम सोडतो. भूत दाखवायला त्यांनी कुठलीही करामत केली नाही. 'पहेली'त तीच मनाई हवेलीच्या भव्यतेत आणि बापाच्या हिशोबी वागण्यात शोधलीय, आणि भुताच्या करामती भरपूर आहेत. तुमच्याकडे पैसे कमी असतील तर कौल यांचा रस्ता बघा. तो स्वस्त आहे म्हणून मी सुचवत नाही. वस्तू आणि जागा नीट निवडल्या की पैशांची फारशी गरज पडत नाही, हे तिथे स्पष्ट दिसतं.

पटकथेच्या वहीच्या मागच्या पानावर वस्तूंची यादी करा. कथेत लेखकानं दिलेल्या आधी: दारं, भांडी, कपडे, वाहनं, पैसे. देथांनी रानफळं दिली, मोहरा दिल्या, हिशोब दिला. चांगला कथाकार या गोष्टी कुठेतरी ठेवून गेलेलाच असतो. त्या पुरत नसतील तरच स्वतःच्या घाला.

कोणाच्या डोळ्यांनी

निषिद्ध प्रेमाच्या कितीतरी कथा मनातल्या मनात चालतात, कारण त्या माणसांना बोलायला कोणी नसतं. पटकथाकाराची पंचाईत इथेच होते. मनातलं बोलणं निवेदनात घालायचं का?

याचं एक उत्तर बासू चटर्जींच्या 'रजनीगंधा'त (१९७४) आहे. तो मन्नू भंडारींच्या 'यही सच है' या कथेवरचा. कथा डायरीच्या रूपात, एक मुलगी दोन पुरुषांमध्ये, दोन शहरांमध्ये. कथेत कानपूर आणि कलकत्ता, चित्रपटात दिल्ली आणि मुंबई. तिथे कोणी प्रेमाला बंदी घातलेली नाही, तरी उदाहरण कामाचं आहे: एका माणसाबरोबर असताना दुसऱ्याचा विचार करणं पडद्यावर कसं आणायचं? बासूदांनी शहरंच वापरली. एका शहरात एक माणूस, दुसऱ्यात दुसरा, आणि टॅक्सीच्या काचेतून मागे जाणारा रस्ता. निवेदन आहे, पण भार जागांवर आहे. (त्यात वेळेवर कधीच न येणारा संजय झालेले अमोल पालेकर पुढे 'पहेली'चे दिग्दर्शक, हा मला आवडणारा योगायोग.)

'दुविधा'त उलट केलंय. तिथे निवेदकाचा आवाज जवळजवळ सतत आहे, पात्रं स्वतः फार कमी बोलतात, आणि आवाज चित्राला समजावत बसत नाही. तो लोककथा सांगणाऱ्यासारखा बाजूनं चालतो. 'पहेली'त हे काम दोन कठपुतळ्यांकडे गेलंय, त्यांना आवाज नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांचे.

नियम म्हणाल तर एवढाच: निवेदन ठेवायचं असेल तर ते चित्रात नसलेलं काहीतरी सांगत असलं पाहिजे. ती रडतेय आणि आवाज म्हणतोय 'मी खूप दुःखी होते', हे लिहिलंत तर खोडा.

वन लाइन

आता वन लाइन लिहा. सीनचा क्रम, प्रत्येकी एक किंवा दोन ओळी, त्यात काय घडतं आणि शेवटी काय बदलतं. संवाद नाहीत. शॉर्ट फिल्म असेल तर वीसच्या आत सीन ठेवा. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा जुना हिशोब अजून चालतो. ऑस्करच्या नियमात शॉर्ट फिल्म म्हणजे श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंत; महोत्सवांच्या मर्यादा बहुधा त्याहून कमी असतात, तेव्हा पाठवायच्या महोत्सवांचे नियम आधी वाचून घ्या.

कथेत बहुधा काळ पसरलेला असतो. पाच वर्षं, एक पावसाळा, आयुष्यभर. त्यात एक घड्याळ शोधा. 'दुविधा'त ते आयतं मिळालंय: नवरा परत येणार आहे, कधी ते ठरलेलं आहे. भुताबरोबरच्या प्रत्येक सुखाच्या सीनखाली ते घड्याळ वाजतं. कथेत घड्याळ नसेल तर बाळंतपण, परीक्षा, बदली, उसाचा हंगाम, गावची जत्रा यांपैकी एखादं आणा. सगळी एकदम आणू नका.

लांबी वाढवायची असेल तर उपकथानक लागतं. त्यातला धोका 'पहेली'त दिसतो आणि फायदाही. उंटांच्या शर्यतीत हरल्याच्या शरमेनं घर सोडून गेलेला थोरला भाऊ आणि त्याची वाट बघणारी वहिनी, हे तिथे जोडलेलं आहे. वहिनीची वाट बघणं मुख्य गोष्टीला छान चिकटतं, कारण त्या घरात बायकांनी वाट बघायचीच असते. शर्यत मात्र बघायला मजेदार असली तरी प्रेमाच्या वाटेत काहीच आडवं घालत नाही. तुमचं उपकथानक मनाईच्या बाजूनं किंवा मनाईच्या विरुद्ध काहीतरी करत नसेल, तर चित्रपट लांबेल एवढंच.

नावं, आडनावं, अहो आणि अरे

मराठीत काम करणाऱ्यासाठी हा भाग महत्त्वाचा, आणि हिंदी-इंग्रजी पटकथेची पुस्तकं इथे मदत करत नाहीत.

कथेत 'ती' आणि 'तो' चालून जातं. पडद्यावर हाक मारावी लागते, पाटी लागते, शाळेचा दाखला दिसतो. मराठी आडनाव कळलं की प्रेक्षक जात ठरवतो, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवतो. म्हणून आडनाव निवडणं म्हणजे मनाईचा अर्धा भाग लिहिणं. आडनाव मुद्दाम दडवायचं असेल तर तेही करता येतं, पण मग दडवण्याचं कारण पात्रांकडे हवं, लेखकाच्या भिडस्तपणाकडे नको. आणि एखाद्या गावातल्या खऱ्या प्रकरणावरून स्फूर्ती घेतली असेल तर गावाचं नाव, आडनाव आणि घराची खूण तिन्ही बदला.

हाक मारण्याच्या पद्धतीत मराठी पटकथाकाराला एक फुकटचं हत्यार मिळतं. वासंती सदाला सगळ्यांसमोर काहीच म्हणत नाही, नुसतं 'ऐकलं का' म्हणते. एकटी असताना 'अरे'. ज्या दिवशी सासूसमोर तिच्या तोंडून 'अरे' निघून जातो, तो तुमचा मध्यबिंदू. त्यासाठी कबुलीचा सीन लिहायची गरज उरत नाही. उलट नवऱ्याला एरवी 'अहो' म्हणणारी बाई एकदाच त्याला नावानं हाक मारते, तेव्हा थिएटरात चुळबुळ होते. संवाद लिहिताना प्रत्येक जोडीसमोर लिहून ठेवा: चारचौघांत काय, एकांतात काय, रागात काय.

कथा मालवणीत किंवा अहिराणीत असेल तर संवाद पुणेरी करू नका. नटांना बोली येत नसेल तर त्या भागातला माणूस वाचनाला बसवा. आणि कथेतली सुंदर वाक्यं तशीच संवादात घालण्याचा मोह आवरा. ती निवेदकाची असतात. शेतात खत टाकणारा माणूस तसं बोलत नाही.

जवळिकीचे सीन

पटकथेत नेमकं लिहा: कोण कुठे हात ठेवतं, सीन कुठे तुटतो. 'दोघं एकमेकांत हरवून जातात' असं लिहिलंत तर सेटवर तीस माणसांसमोर नटांना त्याचा अर्थ लावावा लागतो, आणि ते अन्यायाचं आहे. सीन आधी नटांना वाचायला द्या, संमती लेखी घ्या, सेटवर मोजकी माणसं ठेवा. परवडत असेल तर इंटिमसी कोऑर्डिनेटर घ्या, म्हणजे असे सीन नटांच्या संमतीनं बसवून देणारा जाणकार. बऱ्याचदा अशा कथेत स्पर्शापेक्षा स्पर्श टळणं जास्त तापतं, त्यामुळे हे सीन कमीच लागतात.

शेवट

देथांच्या मेंढपाळाचा निवाडा असा. तो दोघांपुढे कसोट्या ठेवतो: निखारे उचला, मेंढ्या गोळा करा, आणि शेवटी पाण्याच्या कातडी पिशवीत शिरून दाखवा. माणसाला ते जमणार नाही. भुताला जमतं, आणि खरा प्रियकर मीच हे सिद्ध करण्याच्या ओढीनं ते आत शिरतं. मेंढपाळ पिशवीचं तोंड बांधतो. ती नवऱ्याच्या घरी राहते. तिला काय हवं होतं हे निवाड्यात कोणी विचारत नाही.

कौल यांनी हा शेवट राखला. पालेकर आणि पटकथाकार संध्या गोखले यांनी बदलला: भूत सुटतं आणि नवऱ्याच्या शरीरात शिरतं, दोघं एकत्र राहतात. पुष्कळांना हा गोड शेवट म्हणजे तडजोड वाटते. मला तो वाटतो त्याहून खट्याळ वाटतो. गावाला तिचा कायदेशीर नवरा दिसतो, तिला तिचं भूत मिळतं, आणि मनाई फसवली गेल्याचं मनाईला कळतही नाही. त्याची किंमत मात्र चित्रपट मोजत नाही. ज्याच्या शरीरात भूत शिरलं त्या माणसाचं काय झालं, हा प्रश्न कॅमेरा विचारतच नाही. हिशोबात गुरफटलेला का होईना, तो माणूस होता. शेवट बदलायचाच असेल तर त्याची झळ कोणाला बसली ते एका शॉटपुरतं तरी दाखवा.

सराव म्हणून तीन शेवट लिहून बघा. एक कथेतला, जसाच्या तसा. दुसरा त्याच्या उलटा. तिसरा, कथेतल्या शेवटाच्या थोडं आधी थांबणारा. तिसरा बरेचदा सगळ्यात चांगला निघतो, कारण कथाकाराला शेवटचं वाक्य लिहायला जास्तीचा परिच्छेद लागलेला असतो आणि तुम्हाला तो लागत नाही. दोघांपैकी एकाला मारून टाकणं हा चौथा पर्याय नवख्यांना फार प्रिय असतो. कथेत मृत्यू असेल तर ठेवा. नसेल तर आणू नका, कारण मृत्यूनं मनाई करणाऱ्यांची सुटका होते. त्यांना त्या दोघांबरोबर जगावं लागत नाही.

लिहून झाल्यावर

मोठ्यानं वाचन करा, आठ-दहा माणसांसमोर, त्यात निदान दोन जण कथा न वाचलेले हवेत. वाचन संपल्यावर त्यांना एवढंच विचारा: या दोघांना कोणी अडवलं? उत्तरं वेगवेगळी आली तर वस्तूंच्या यादीकडे परत जा.

मग पटकथेची नोंदणी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन ती ऑनलाइन करता येते. नोंदणीनं अमुक तारखेला हे लेखन तुमच्याकडे होतं याचा पुरावा मिळतो. कथेचे हक्क त्यानं मिळत नाहीत, तो करार वेगळाच लागतो. निर्मात्याला पटकथा पाठवाल तेव्हा पहिल्या पानावर मूळ कथेचं आणि लेखकाचं नाव करारात ठरलेल्या शब्दांत लिहा.

चित्रपटगृहात दाखवायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गात ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन टप्पे झाले आहेत, आणि तुमची कथा कुठे बसेल याचा अंदाज वन लाइनच्या वेळीच घ्या. जातीवाचक शब्द संवादात असतील तर ते कोण, कोणाला आणि का म्हणतंय हे पटकथेत स्वच्छ असू द्या. समितीसमोर ते तुम्हाला तोंडी समजावून सांगावं लागू शकतं. आणि चित्रीकरण गावात असेल तर ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जात कथेचा सारांश खरा लिहा. 'कौटुंबिक प्रेमकथा' असं लिहून परवानगी काढली आणि तिसऱ्या दिवशी ओटीवरचा सीन बघायला अख्खं गाव जमलं, की उरलेलं चित्रीकरण दुसऱ्या गावात करावं लागतं, आणि तिथली ओटी वेगळ्या बाजूला असते.